डाव मोडू नका, झाकून ठेवा

नमस्कार ताई,

मी ३९ वर्षांचा, पुण्यात राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. बायको बँकेत आहे, मुलगी नऊ वर्षांची, बाबा आमच्याकडेच असतात. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघं हॉस्टेलवर रात्र रात्र 'एज ऑफ एम्पायर्स' हा कॉम्प्युटर गेम खेळायचो. आज एक नाशिकला, एक न्यू जर्सीत आणि दोघं पुण्यात. 'युरोपा युनिव्हर्सालिस ५' हा राज्य चालवायचा गेम आल्यापासून दर शनिवारी रात्री दहाला ऑनलाइन बसतो आणि उठेपर्यंत तीन वाजतात. त्यात मी विजयनगरचं राज्य चालवतोय. मग रविवार झोपेत नाहीतर चिडचिडीत जातो. गेल्या महिन्यात मुलीला सिंहगडावर न्यायचं कबूल केलं होतं. जाग आली तेव्हा अकरा वाजले होते आणि ती मामाबरोबर निघून गेली होती. बायको भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझा शनिवार संपतच नाही." मला बुद्धिबळ शिकवलं ते बाबांनी, पण तेही म्हणतात, हे काय वय आहे का खेळायचं?

सोडून द्यावं का? पण नाशिकच्या मित्राने नोकरी गेल्याचं आम्हाला सांगितलं ते खेळता खेळताच. एरवी तो फोनही उचलत नाही. मित्र म्हणतात, पाच तासांपेक्षा कमी बसून या गेममध्ये काही होत नाही. आणि मुलगी खुर्चीमागे उभी राहून म्हणते, "मला पण शिकव ना." तिला काय शिकवू?

– एक खेळाडू, पुणे

नमस्कार,

सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

वीस वर्षं टिकलेली चौघांची मैत्री ही फार मोठी गोष्ट आहे. चाळिशीला आलेले पुरुष एकमेकांना सहज फोन करून "मन लागत नाहीये" असं म्हणत नाहीत. त्यांना हाताला काहीतरी काम लागतं, डोळ्यांसमोर काहीतरी लागतं, आणि मग बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर पडते. तुमच्या नाशिकच्या मित्राला ती जागा तुमच्या शनिवारने दिली. हे सगळं 'टाइमपास' या एका शब्दात मावत नाही, आणि ते बंद केलं तर त्याच्यासाठी दुसरी जागा उभी करणं तुम्हा कोणालाच जमणार नाही.

पण तुमच्या पत्नीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "तू फार खेळतोस" असं त्या म्हणाल्या नाहीत. शनिवार संपत नाही असं म्हणाल्या. इतकं नेमकं निदान मी तरी करू शकले नसते. तुमच्या खेळाला सुरुवात आहे, दहाची. शेवट मात्र नाही. ज्याला शेवट नाही ते शेजारच्या दिवसात सांडतं, आणि शेजारच्या दिवसात तुमची मुलगी बूट घालून बसलेली असते.

हे तुमच्या एकट्याच्या स्वभावामुळे होतं असं समजू नका. मी स्वतः 'सिव्हिलायझेशन' हा असाच राज्य वाढवायचा गेम खेळते. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक महिने मी रात्री अडीच-तीनपर्यंत बसत होते, तेव्हा यावर मी खूप विचार केला. हे खेळ रचलेलेच असे असतात की 'सगळं संपल्यावर उठू' असा क्षण त्यात येतच नाही. बघा ना, एक शोध तीन टर्नमध्ये, म्हणजे तीन पाळ्यांत, लागणार असतो. धान्याचं कोठार पाच टर्नमध्ये उभं राहणार असतं. सैन्य दोन टर्नमध्ये वेशीवर पोचणार असतं. सैन्य पोचलं म्हणून थांबावं, तर शोधाला एकच टर्न उरलेली असते. शोध लागला, की त्याने नवी इमारत खुली होते आणि तिची घडी सुरू होते. एक धागा संपण्याआधी दुसरा अर्ध्यावर आलेला असतो. १९९१ साली पहिलं 'सिव्हिलायझेशन' निघालं तेव्हापासून खेळणाऱ्यांच्या तोंडी 'अजून एकच टर्न' हे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. तुमच्या गेममध्ये टर्न नाहीत, काळ आपोआप वाहतो. म्हणजे थांबायला टर्नची पायरीसुद्धा नाही.

तेव्हा शेवट गेमकडे मागू नका. तो तुम्हालाच घालायचा आहे, आणि तो घालायची एक जुनी रीत मला माहीत आहे.

माझं आजोळ वाईचं. आजोबा आणि शेजारचे एक गुरुजी रोज दुपारी ओसरीवर बुद्धिबळ मांडायचे. दोघंही हळू खेळणारे, एकेक खेळी पाव-पाव तास. दिवेलागणीला आजी बाहेर यायची. ती काही बोलायची नाही, स्वयंपाकघरातली मोठी पितळी परात आणून हातात धरून उभी राहायची. मग ज्याची पाळी असेल तो आपली खेळी करायचा, आणि आजी ती परात पटावर पालथी घालायची. घोडे, उंट, वजीर सगळे जागच्या जागी परातीखाली. गुरुजी चपला घालून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की परात उचलायची आणि डाव पुढे चालू. एखादा डाव चार-चार दिवस चालायचा. आम्हा मुलांना रात्री त्या परातीला हात लावायची मनाई होती. मी एकदा वाकून खालून बघायचा प्रयत्न केला होता, काही दिसलं नव्हतं.

डाव मोडायचा नाही आणि संपवायचाही नाही, झाकून ठेवायचा. तुम्हाला शिकायची आहे ती एवढीच गोष्ट.

मोठ्या बुद्धिबळ स्पर्धांमध्येही ही रीत होती. ठरलेल्या वेळेत डाव संपला नाही की तो तहकूब व्हायचा. ज्याची पाळी असेल तो खेळाडू पटावर मोहरा न हलवता आपली पुढची खेळी कागदावर लिहायचा, कागद पाकिटात घालून पाकीट पंचांकडे द्यायचा. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून डाव तिथूनच सुरू. १९७२ च्या, आइसलँडमधल्या रेक्याविकच्या फिशर–स्पास्की जगज्जेतेपदाच्या सामन्याचा शेवटचा, एकविसावा डाव असाच तहकूब झाला होता. स्पास्कीने खेळी लिहून पाकिटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, फोन करून हार कळवली. पुढे संगणक आले, रात्रभरात तेच उत्तर शोधून द्यायला लागले आणि ही रीत बंद पडली. पण त्या पाकिटामागचं शहाणपण बघा. उठताना पुढची खेळी ठरलेली असायची, लिहिलेली असायची.

तुम्ही एक वही करा. साधी, शंभरपानी, हाताने लिहायची. फोनमध्ये नको, कारण फोन हातात घेतला की तुम्ही ग्रुपवर जाणार आणि तिथे युद्ध चालूच असणार. उठायच्या आधी दहा मिनिटं खेळ पॉजवर टाकायचा आणि चौघांनी आपापल्या वहीत लिहायचं: आत्ता काय चाललंय, पुढच्या वेळी बसल्या बसल्या पहिलं काय करायचंय, आणि कोणाला कसला शब्द दिलाय. तिसरी गोष्ट विसरू नका. 'कृष्णेच्या उत्तरेला हात लावणार नाही असं नाशिकला सांगितलंय' हे लिहून ठेवलं नाही, तर पंधरा दिवसांनी त्यावरून खरोखरचं भांडण होतं.

मी गेली पाच वर्षं हे करते आहे. याचे दोन फायदे मला स्वतःला जाणवले. एक म्हणजे पुढच्या वेळी 'आपण कुठे होतो बरं' यात अर्धा तास जात नाही. दुसरा फायदा मोठा. आडवं झाल्यावर डोक्यात फिरत राहणारा तो नकाशा थांबतो. लिहून झालेलं असतं, ते धरून ठेवायची डोक्याला गरज उरत नाही. तुम्ही तीनला उठत असाल, पण झोप चारच्या आधी लागत नसेल, असा माझा अंदाज आहे.

आता उठायचं कधी. निव्वळ घड्याळावर भरवसा ठेवू नका. बारा वाजता उठायचं ठरवलं आणि पावणेबाराला वेढा पडला, तर चौघांपैकी एकही उठणार नाही. बसतानाच खेळातलं वर्ष ठरवा. तुमचा खेळ १३३७ ते १८३७ असा पाचशे वर्षांचा आहे. आपला वेग काय आहे, तीन तासांत साधारण किती वर्षं सरकतात, हे तुम्हाला आता माहीत झालं असेल. त्या अंदाजाने सुरुवातीलाच सगळ्यांनी बोलून घ्यायचं, 'आज अमुक सालापर्यंत.' मग गंमत होते. शेवटची चार वर्षं उरली की लोक आपोआप आवरायला लागतात. कोणी नवं युद्ध काढत नाही, तह करतात, खजिना मोजतात. घड्याळ बाहेरून हुकूम करतं, साल मात्र खेळाच्या आतलंच असतं, म्हणून त्याचा राग येत नाही. घड्याळाची एक वरची मर्यादा ठेवाच, पण ती दुसरी भिंत म्हणून. आणि पॉजचं बटण चौघांत सगळ्यात कमी हट्टी असेल त्याच्या हाती द्या. सध्याच्या युद्धात जो जिंकतोय, त्याच्या हाती ते देऊ नका.

मित्र म्हणतात पाच तास लागतात. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. हा गेम मोठा आहे, आणि एकत्र बसल्यावर पहिला अर्धा तास कोणाचं इंटरनेट, कोणाचा माइक यातच जातो. पण पाच तासांतले शेवटचे दोन कसे असतात, प्रामाणिकपणे आठवून बघा. एकच्या पुढे कोण विचार करून खेळतं? चुका होतात, चिडचिड होते, 'लक्षात नाही आलं रे' वाढतं. तीन तास ताज्या डोक्याने खेळलात तर विजयनगरचंही भलं होईल. एखादा येऊ शकला नाही तर बैठक रद्द करू नका. त्याचं राज्य तेवढ्यापुरतं संगणकाकडे सोपवता येतं. सेव्ह केलेला डाव होस्टकडे, म्हणजे ज्याच्या संगणकावरून खेळ चालतो त्याच्याकडे असतो, पुढच्या वेळी त्याने यावं आणि आपली गादी परत घ्यावी.

पण हे सगळं रात्री दहाला कशासाठी?

मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. तुमचे शनिवारचे रात्रीचे दहा म्हणजे न्यू जर्सीत थंडीत सकाळचे साडेअकरा, उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा. म्हणजे ही वेळ त्या एकाला भर दिवसाची पडते आणि तिघांच्या रात्रीतून जाते. सुरुवातीला कोणीतरी सहज सुचवली असेल आणि तीच चालत राहिली असेल. आता उलटी बाजू बघा. तुमची रविवार सकाळ, सहाची. तेव्हा त्याच्याकडे शनिवार संध्याकाळ असते, थंडीत साडेसात, उन्हाळ्यात साडेआठ. सहा ते नऊ तुम्ही खेळलात, तर तो फार तर रात्री साडेअकराला मोकळा होतो, आणि त्याचा अख्खा रविवार पुढे शाबूत असतो. तुमचं घर रविवारी साडेआठच्या आधी हलत नसेल, बहुतेक घरं नाही हलत. तुम्ही नऊला हेडफोन काढाल तेव्हा ओट्यावर पोहे होत असतील. ते तुम्ही केलेत तर अधिक बरं. शनिवारी रात्री वेळेवर झोपावं लागेल, हा यातला दुसरा लाभ. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, तेवढं ग्रुपवर लिहून ठेवा, नाहीतर वर्षातून दोनदा कोणीतरी तासभर ताटकळत बसेल.

न्यू जर्सीच्या मित्राला मात्र हे हक्काने सांगू नका, विचारा. शनिवारची संध्याकाळ त्याच्याही घरची आहे. तिकडे लोकांकडे जेवायला जाणं, मुलांचे कार्यक्रम, मंडळाचं नाटक हे सगळं शनिवारी संध्याकाळीच असतं. दर आठवड्याला त्याला जमणार नाही. तुम्हालाही दर आठवड्याला जमवायचं नाहीये, आणि याचं कारण तुमच्या पत्नीच्या नोकरीत आहे.

त्या बँकेत आहेत हे तुम्ही ओघात लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची माहिती तीच. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे शनिवार कामाचे. म्हणजे तुमच्या घरात दोन जातींचे शनिवार-रविवार आहेत, आणि तुम्ही आजवर दोन्हींना एकाच मापाने वागवत आलात. पहिल्या, तिसऱ्या आणि असलाच तर पाचव्या आठवड्यात त्यांना सुट्टीचा एकच दिवस मिळतो, रविवार. नेमक्या त्याच दिवशी तुम्ही अकरापर्यंत झोपलेले असता, आणि पोरगी, बाबा, नाश्ता, दूध-भाजी सगळं त्यांच्या अंगावर पडतं. त्या भांडल्या नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं, आणि थोडी काळजीही वाटते. बोलणं थांबलं की माणूस हिशेब मनात ठेवायला लागतो.

मी तुमच्या जागी असते तर असं ठरवलं असतं. त्यांना शनिवारी कामावर जायचं असेल त्या आठवड्यात गेम नाही. तो शनिवार तुमचा आणि मुलीचा, आणि रविवारची सकाळ पत्नीची, उशिरापर्यंत झोपायची, कोणी न उठवायची. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात शनिवार सगळ्यांचा मिळून, कारण तेव्हाच त्या दोन दिवस घरी असतात. मग त्या रविवारी सकाळी सहा ते नऊ तुमचा विजयनगरचा दरबार. महिन्यातून दोनदा. हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहा, सगळ्यांना दिसेल असं. कॅलेंडरवर लिहिलेल्या खेळासाठी परवानगी मागावी लागत नाही आणि चोरूनही बसावं लागत नाही. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, पण रात्री दहाला दार लोटून घेऊन बसणाऱ्या माणसाला आपण काहीतरी चोरतोय असं वाटत असतं. ते वाटणं गेलं की खेळाची चव परत येते.

ही आखणी पत्नीला ठरवून झालेली म्हणून ऐकवू नका. समोर कॅलेंडर ठेवा आणि विचारा. त्या काही बदल सुचवतील, बहुतेक चांगलेच असतील.

मधल्या दिवसांत हात शिवशिवलेच, तर चौघांनी 'सिव्हिलायझेशन ६' मधला क्लाउडवरचा खेळ करून बघा. पत्राने बुद्धिबळ खेळायचे तशी ही तऱ्हा आहे. आपली टर्न खेळायची, पुढच्याला निरोप जातो, त्याने त्याच्या सवडीने खेळायचं. जेवणानंतर दहा मिनिटं पुरतात. त्यात वेगही निवडता येतो. नेहमीच्या वेगाचा डाव ५०० टर्नचा, सर्वांत जलद २५० चा आणि मॅरेथॉन १५०० चा. तुम्ही जलदच घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सिव्हिलायझेशन ७' आलं. त्यात डावाचे तीन युगांत भाग पाडलेत आणि खेळ आला तेव्हा युग बदललं की आपली संस्कृतीही बदलायची. जुने खेळाडू यावर बरेच नाराज झाले, आणि त्यांचं दुःख मला कळतं. हजारो वर्षं जपलेलं आपलं राज्य मध्येच वेगळं नाव घेतं, हे मनाला लागतं. तरी घरसंसार असलेल्या माणसाला ते युग संपणं फार सोयीचं आहे. तिथे खेळ स्वतःच तुमच्या हातात परात देतो.

आता मुलगी. तुमच्या पत्रातला हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण घरातल्या एका माणसाने तुमच्याकडे तक्रार न करता आत यायची परवानगी मागितली आहे.

तिला 'युरोपा' दाखवू नका. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातले तक्ते आणि करवसुली बघून कंटाळा येईल आणि 'बाबांचा खेळ कंटाळवाणा' असं कायमचं मनात बसेल. टेबलावर मांडायचे खेळ आणा, ज्यात हाताने सोंगट्या हलवता येतात. 'कटान' चांगला आहे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने तो केला, १९९५ साली बाजारात आला, आणि घरोघरच्या बोर्ड गेमची तऱ्हाच त्याने बदलली. लाकूड द्या, वीट घ्या असं त्यात बोलावं लागतं, घासाघीस करावी लागते. पण त्यात फासे टाकून सात आले की चोर येतो, हातात पत्ते फार झाले असतील तर निम्मे जातात, आणि दोन फाशांवर सात हाच आकडा सर्वांत जास्त वेळा पडतो. काही मुलांना ते झेपत नाही, डोळे भरून येतात. वर्षभर थांबलात तरी चालेल.

मी 'पॅन्डेमिक' ने सुरुवात करायला सांगेन. मॅट लीकॉकचा हा खेळ २००८ चा. त्यात कोणी कोणाविरुद्ध नसतं. जगात चार रोग पसरतायत आणि सगळ्यांनी मिळून ते थोपवायचे, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. नकाशावर ४८ शहरं आहेत, त्यात मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आहेत. आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर मी हा खेळते, आणि प्रत्येक पोर आधी मुंबईवर बोट ठेवतं. पाऊण तासात संपतो. हा खेळ खरोखर संपतो, ही गोष्ट तुमच्या घरात सगळ्यांना फार बरी वाटेल. पत्नीला या खेळांत रस नसेल, तरी सगळे एका बाजूने असल्यामुळे त्या पंधरा मिनिटं येऊन बसतील, आणि नाही बसल्या तर आग्रह करू नका.

एक सूचना मात्र कळकळीने करते. तुम्हाला हे खेळ येतात, त्यामुळे तिच्या प्रत्येक पाळीला तुमच्या डोळ्यांना योग्य खेळी आधीच दिसेल. बोलू नका. ती चुकीच्या शहरात जाईल, जाऊ द्या. 'असं कर, तिकडे जा' सुरू केलंत की चौघं टेबलाशी बसून एकटे तुम्ही खेळाल आणि बाकीचे फक्त हात हलवतील. तिने विचारलं तरी उत्तर देऊ नका, "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणा. मला हे जमायला वेळ लागला, जीभ अक्षरशः दाबून धरावी लागायची. पण एक दिवस तिसरीतल्या एका मुलीने, मला अजिबात न सुचलेली खेळी करून आम्हाला डाव जिंकून दिला. तो दिवस मी विसरलेले नाही.

रेल्वेमार्ग जोडायचा 'टिकट टू राइड'ही नवव्या वर्षाला अगदी योग्य आहे. त्याचा भारताचा नकाशा वेगळा मिळतो, पण गाड्यांसाठी मूळ खेळ जवळ लागतो, त्यामुळे आधी मूळ घ्या.

आणि बाबा. "हे काय वय आहे का" असं म्हणणाऱ्या माणसाने तुम्हाला बुद्धिबळ शिकवलं, म्हणजे खेळाचं वावडं त्यांना नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की मुलगा रात्रभर बंद खोलीत स्क्रीनकडे बघून कोणाशी तरी बोलतोय आणि सकाळी उठत नाहीये. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. त्यांना समजावायला जाऊ नका, काम द्या. नातीला बुद्धिबळ तुम्ही शिकवू नका, त्यांनाच शिकवू द्या. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी, तीही अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून. हे तुमच्या मुलीला आजोबांकडून कळू द्या. त्यातला एखादा डाव दोघांनी मिळून मांडून बघावा. आणि घरात जुनी परात असेल, तर ती त्यांच्या हाती द्या.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची राहिली. शेवट ठरवून, लिहून, सगळ्यांना सांगूनही तो तुम्ही पुन्हा पुन्हा मोडलात, खेळासाठी घरात खोटं बोलायला लागलात, नोकरीवर आच यायला लागली आणि तरी थांबता येईना, तर हा वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे, २०२२ पासून ती यादी लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं. पुण्यातही मानसोपचारतज्ज्ञांना हे नवं नाही. तुमचं पत्र वाचून तुम्ही तिथे आहात असं मला वाटत नाही. रविवार गेला याची ज्याला खंत वाटते, ज्याने ती लिहून पाठवली, त्याचा ताबा सुटलेला नाही. तरी खूण माहीत असावी म्हणून सांगितलं.

सुरुवात मात्र गेमपासून करू नका. येत्या कामाच्या शनिवारी, पत्नी बँकेत गेल्यावर किंवा त्याआधीच, मुलीला घेऊन सिंहगडावर जा. रविवारपेक्षा शनिवारी गर्दी कमी असते. आतकरवाडीतून पायवाटेने चढा, गाडीने वर जाऊ नका. ती मामाबरोबर एकदा जाऊन आली आहे, तेव्हा वाट तिला दाखवू द्या. वर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी खा. झालेल्या गोष्टीबद्दल तिची माफी मागा, साध्या शब्दांत, एकदाच.

मग उतरताना तिला तुमच्या खेळाची गोष्ट सांगा. १३३७ साल, म्हणजे देवगिरीचं दौलताबाद होऊन दहा वर्षं झालेली, दिल्लीत मुहम्मद बिन तुघलक, आणि तुंगभद्रेच्या काठी नुकतंच उभं राहिलेलं एक राज्य, जे सध्या तिचे बाबा सांभाळतायत. नाशिकचा काका आपला मित्र आहे की शत्रू हे अजून ठरलेलं नाही, हेही सांगा. ती विचारेल, मग पुढे काय झालं? तर म्हणा, ते वहीत लिहून ठेवलंय, दुसऱ्या रविवारी सकाळी लवकर उठलीस तर बघायला ये.